गाऊनची वैरीण

"काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ, नायतर अंगावरच कातरते!"

द्वारकाआत्या दारात उभ्या राहून ओरडत होत्या. चपला पायातच, पत्र्याची ट्रंक अजून रिक्षावाल्याच्या डोक्यावरच. तीन जिने चढून तो बिचारा धापा टाकत होता, आत्यांना मात्र दम लागणं माहीतच नव्हतं. त्यांचा आवाज असा, की उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं समजून समोरच्या दोन इमारतींतल्या बाया हंडे घेऊन खाली धावल्या, आणि पाण्याचा वार तर पुढच्या आठवड्यात होता. म्हणजे एक बाई उतरलेली मी स्वतः पाहिली. बाकीच्या मी धरून चालले आहे.

"ते" म्हणजे माझ्या अंगावरचा निळा गाऊन. मी नुकतीच बाळंत झालेली. पोटावर टाके, कानांवरून घट्ट बांधलेलं फडकं, भर उन्हाळ्यात पायात लोकरीचे मोजे. शेजारी मुठी आवळून झोपलेली माझी लेक, चिमी.

"अहो वन्सं, आल्या आल्या पोरीवर कामून ओरडता?" सासूबाई स्वैपाकघरातून धावत आल्या. "आराम पडतो तिला त्यात. दोन्हीकडून चेन हाय, पाजायला बरं."

"आराम?" आत्यांनी डोळ्यांवरचा काळा गॉगल कपाळावर चढवला. "वहिनी, ह्या झग्यात बाई शिरती, अन् बाहेर कोण निघतं ते कुणालाच ठावं नसतं."

मला रडू फुटलं. चिमी उठली, तीही रडायला लागली. गाऊन काही निघाला नाही. पहिल्या लढाईत आत्या हरल्या. रिक्षावाल्यानं ट्रंक खाली ठेवली आणि पैसे न मागताच पळाला. आत्यांनी त्याला खिडकीतून हाक मारली, तेव्हा तो क्रांती चौकापर्यंत पोचला होता म्हणतात, आणि तरी त्याला ती ऐकू गेली.

द्वारकाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लासूर स्टेशनजवळ त्यांचा मळा, कांदा आणि कापूस. यजमान लवकर गेले, तेव्हापासून मळा त्याच बघत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी थोडे दिवस घालायला दिलेला काळा गॉगल त्यांनी पुढे कधीच सोडला नाही. इस्त्रीची सुती साडी, मनगटावर यजमानांचं घड्याळ, कमरेला बटवा, बटव्यात कात्री आणि डोळ्यांवर गॉगल. अशा त्या बाजार समितीत शिरल्या की व्यापारी म्हणे आपोआप भाव वाढवून बोलत. भावकीत कुणीही बाळंत झालं की आत्या ट्रंक घेऊन हजर. त्यांना कुणी बोलवायचं नसे आणि थांबवायची कुणाची टाप नसे.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. माझं माहेर सिल्लोडचं. पण आई न्हाणीत घसरली, पायाला प्लॅस्टर बसलं, आणि मी सासरीच राहिले. माहेरी असते तर आईच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं असतं. सासरी ते सांगायचं कुणाला? आणि सांगायचं तरी काय?

कारण मला जी भीती बसली होती तिला नाव नव्हतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीला लोखंडी कठडा, छातीइतका उंच. दवाखान्यातून आल्यावर एके सकाळी चिमीला कोवळं ऊन दाखवायला मी गॅलरीत गेले, खाली पाहिलं, आणि माझे हात माझे राहिले नाहीत. दुसऱ्या कुणाचे तरी हात माझ्या खांद्यांना जोडल्यासारखे झाले, आणि त्या हातांच्या मनात काय आहे ते मला दिसलं. मी मागच्या मागे घरात आले, चिमीला पलंगाच्या मधोमध ठेवलं, चारी बाजूंनी उशा लावल्या आणि भिंतीला टेकून बसले. त्या दिवसापासून उभ्यानं तिला उचललं नाही. "पाठ दुखते हो, इकडंच द्या," म्हणायचे. गॅलरीला कुलूप घातलं आणि किल्ली गाऊनच्या खिशात ठेवली.

आता गंमत ऐका. सासूबाईंना ह्याचं इतकं कौतुक! आमच्याकडे बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, हा कायदाच. हल्लीच्या पोरी पंखा लावतात, दारं उघडी टाकतात, म्हणून सगळ्या सासवा बेजार. आणि इथे सून स्वतः कुलूप लावते! "असं वारं जपावं!" असं त्या शेजारणींना सांगत, आणि त्या आपापल्या सुनांना मला दाखवायला घेऊन येत. मी नमुन्याची बाळंतीण झाले होते. लंगोट वाळत घालायला सासूबाई गुडघे धरत गच्चीवर चढायच्या आणि वर माझंच गुणगान करायच्या.

नवरा, सुनील, वाळूजला कंपनीत. संध्याकाळी यायचा, चिमीच्या नाकाला नाक लावायचा, मला विचारायचा, "बरंय ना?" मी म्हणायचे, "बरंय." गाऊनचं हेच सोयीचं होतं. गाऊनमधल्या बाईला कुणी बाहेर चल म्हणत नाही, उभी राहा म्हणत नाही, काही विचारतही नाही. ती आराम करत असते.

पहिल्या हारीनंतर आत्यांनी दुसरी आघाडी उघडली. माझं कपाट रिकामं केलं आणि खाली सतरंजीवर बसून कात्री चालवायला लागल्या. आता कुणी समजेल, बाईच्या हातात मोठी कला असणार. छे! त्यांचे टाके असे, की गोधडीनंसुद्धा मान खाली घालावी. एका कुर्त्याला त्यांनी दोन गळे केले, दोन्ही पाठीमागे. सासूबाई पदराआड हसायच्या. पण आत्या हटायच्या नाहीत, उसवून पुन्हा शिवायच्या.

"हे बघ पोरी," त्या दोरा दातानं तोडत म्हणायच्या, "एकरंगी कापड लई चुगलखोर. दुधाचा एक थेंब पडला की साऱ्या गल्लीला सांगतं. छापील कापड मुकं. तू छापील घाल."

सलवारीची नाडी टाक्यावर घासते म्हणून त्यांनी सगळ्या सलवारींना वर रुंद पट्टा जोडला. "नाडी टाक्याच्या वर, अन् इज्जत नाडीच्या वर," हे त्यांचं वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही. कुर्त्याच्या पुढच्या चुण्यांच्या आत त्या हुकं लपवायच्या, म्हणजे चारचौघांत पाजलं तरी कुणाला कळू नये. लग्नातल्या शालूवरच्या ब्लाऊजलाही त्यांनी पुढून कापलं, तेव्हा मात्र सासूबाई हसायच्या थांबल्या.

"वन्सं, तो शालूवरचा होता!"

"अन् ती शालूतली होती," आत्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "ती परत यायची असंल तर ब्लाऊज वाचवून काय करती?"

सकाळी त्या माझ्यासमोर आरसा धरायच्या. मी तोंड फिरवायचे. "पाहा तरी. आरशातल्या बाईला वळखता आलं पाहिजे. नाय वळखली तर ती परकी बाई घरात घुसल्यासारखं होतं." त्या हे सहज बोलत. ती परकी बाई घरात घुसलेलीच होती आणि तिचे हात माझ्या खांद्यांना होते.

मग एका सकाळी ते झालं. तोवर मला न्हाऊ घालायच्या सासूबाई. मी गाऊन स्वतः काढायचे, स्वतःच परत चढवायचे. त्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला, म्हणून आत्या न्हाणीत आल्या. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी गाऊन डोक्यावरून ओढला, खिशातली किल्ली फरशीवर पडली आणि खणकन वाजली. आत्यांनी ती उचलली. मग त्यांनी गाऊन नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं, बाहेर गेल्या आणि कपाटातून दुसरे दोन गाऊन घेऊन आल्या. तसेच निळे. मी एकसारखे तीन घेतले होते, सोय म्हणून. त्या दोघांची दुकानाची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती.

आपली सून रोज धुतलेला गाऊन घालते असं घरात सगळ्यांना वाटत होतं. मी दवाखान्यातून आल्यापासून एकच घालत होते. तो काढून दुसरा घालायचा, तर किल्ली एका खिशातून दुसऱ्या खिशात जाईल, आणि तेवढ्यात ती कुणाच्या हाती लागेल, म्हणून.

आत्यांनी आवाज खाली आणला. त्या आवाजालाही खालची पट्टी आहे हे मला तेव्हा कळलं, आणि ओरडण्यापेक्षा तिचीच जास्त धास्ती वाटली.

"गॅलरीची हाय?"

"हो. वारं येतं म्हणून."

"वारं आत येईल म्हणून, का तू बाहेर जाशील म्हणून?"

बादलीत नळ ठिबकत होता. मी पाटावर उघडी बसलेली, दात वाजत होते, पाणी तर कडकडीत होतं. मला वाटलं, आता ह्या ओरडतील. सगळी इमारत गोळा होईल. चिमीला माझ्यापासून लांब नेतील आणि मला कुठं तरी ठेवतील. मी त्यांचे पाय धरले.

"सांगू नका, आत्या. मी काही करणार नाही. मला नकोय ते. पण हातांना..."

"ठावं हाय," आत्या म्हणाल्या. त्यांनी गॉगल काढला, खिडकीत ठेवला आणि माझ्या डोक्यावर पाणी ओतायला सुरुवात केली. ओतता ओतताच बोलल्या.

"आमच्या वस्तीवर एक बाई होती. नवी बाळंतीण. पोरगं धडधाकट, नवरा चांगला, खायाप्यायाला रग्गड. कुणी म्हणलं असतं, हिला कसली धाड भरली? पण ती पाण्याला विहिरीवर गेली, की तिचे हात तिचे राह्यचे नाय. पोरगं कडंवर. तिला नको असायचं, अन् हातांना वाटायचं, सोडावं. एक दिवस ती तशीच काठावर उभी राह्यली. किती येळ, ते तिलाच ठावं."

"मग?"

"मग मेंढरं आली. मेंढरांमागं धनगराची बाई. तिनं हिच्याकडं पाह्यलं. काय इचारलं नाय. खांद्यावरचं लांब फडकं सोडलं, पोरगं हिच्या छातीला लावलं, अन् पाठीवर अशी आवळून गाठ मारली की हिचा हात तिथं पोचू नाय. अन् म्हणली, 'आता सोड हात.' हिनं सोडले. पोरगं जिथल्या तिथं. ती बाई मेंढरं हाकत निघून गेली."

"आणि ही?"

"हिनं घागर भरली अन् घरी गेली. भाकरी टाकायच्या राह्यल्या होत्या."

त्या दिवशी गाऊन परत अंगावर चढला नाही. आत्यांनी मला मोरपंखी छापील कुर्ता घातला, तोच, उसवून उसवून शेवटी एकच गळा उरलेला. रुंद पट्ट्याची सलवार. कानांवरचं फडकं काढून केस विंचरले, वेणी घातली, डोळ्यांत काजळ. "भ्यायचंय ना? नटून भे," म्हणाल्या. मग ट्रंकेतून जुनं, धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं निळसर लुगडं काढलं, चिमीला माझ्या छातीशी धरलं, आणि लुगड्याचे वेढे घालायला लागल्या. खांद्यावरून, काखेतून, पाठीवरून, पुन्हा पुढे. टाक्यांना जराही न दाबता. शेवटची गाठ मागे, दोन खांद्यांच्या मधे. मी हात मागे नेऊन पाहिला. पोचत नव्हता.

मग त्यांनी किल्ली फिरवली.

गॅलरीचं दार उघडलं तेव्हा जे वारं आत आलं, त्यानं भिंतीवरची कॅलेंडरं उडून औरंगपुऱ्यात पडली असं मी चिमीला सांगते. खरं सांगायचं तर वारं नव्हतंच. ऊन होतं. मी उंबऱ्यात उभी. आत्या कठड्याला टेकून माझ्याकडे तोंड करून उभ्या.

"ये."

"नाही."

"मी हाय मधी. ये."

मी गेले. खाली रसवंतीचं चाक फिरत होतं, घुंगरं वाजत होती, एक म्हातारा ग्लास तोंडाला लावून उभा होता. मला ते सगळं विहिरीच्या तळाशी असल्यासारखं दिसलं. हात परके व्हायला लागले. बोटं चिमीच्या पाठीखाली गार पडली.

"आता सोड हात," आत्या म्हणाल्या.

मी डोळे मिटले आणि सोडले. दोन्ही. ते बाजूला लोंबत राहिले, मेल्यासारखे. आणि चिमी जिथल्या तिथं होती. तिचं डोकं माझ्या गळ्याखाली, तिचा श्वास कुर्त्याच्या आत जाणारा. ती जांभई देत होती. मला हुंदका आला, त्या हुंदक्यानं दूध सुटलं, कुर्ता भिजला आणि छापील कापडानं कुणालाच सांगितलं नाही.

भीती त्या दिवशी गेली, असं म्हटलं तर ती माझी सगळ्यात मोठी थाप होईल. ती दुसऱ्या दिवशी होती, तिसऱ्या दिवशीही होती. आत्यांनाही ते माहीत होतं. त्याच दुपारी त्यांनी सासूबाईंना समोर बसवून सगळं सांगितलं. सासूबाईंनी किल्ली हातात घेतली. "म्या तर तिचं कौतुक करत हिंडत होते वन्सं," एवढंच म्हणाल्या, आणि उठून माझ्या पायातले लोकरीचे मोजे काढून घेतले.

"टाके घातलेल्या डॉक्टरणीकडंच न्या हिला," आत्यांनी सुनीलला हुकूम सोडला. "पोटाचं इचारू नका. मनाचं इचारा." डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, हे पुष्कळ जणींना होतं म्हणाल्या, आणखी एका डॉक्टरांकडे पाठवलं. औषध चालू झालं, दर आठवड्याला जाऊन बोलायचं ठरलं. मी प्रत्येक वेळी नटून जायचे. चिमी बांधलेली, कुर्ता छापील, काजळ. शेजारी सुनील, हातात लंगोटांची पिशवी. गुलमंडीतून चालताना एका बाईनं मला थांबवून विचारलं, "हे बांधायचं कुठं मिळतं हो?" पुढे बारशाला पुढून हुकं लावलेल्या ब्लाऊजवर शालू नेसून मी दोन तास मिरवले, दोनदा पाजलं, आणि कुणाला पत्ता लागला नाही. त्यानंतर भावकीतल्या शंभर बायांनी आत्यांपुढे ब्लाऊज टाकले. बरं, सहा. पण त्या सहा जणींचा गोंधळ शंभरांचा होता.

गोळ्या कमी होत होत बंद झाल्या. हात हळूहळू माझे झाले. एका सकाळी चिमीला न बांधता गॅलरीत उभी असल्याचं माझ्या लक्षात आलं ते आत आल्यावर.

आत्या परत निघाल्या तेव्हा आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. ट्रंक आत गेली, गॉगल डोळ्यांवर. मी खिडकीशी गेले.

"आत्या, मधूनच अजून येते भीती."

"येईल. गाठ बघ आधी, मग तिच्याकडं बघ," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बाकावरच्या माणसावर ओरडल्या, "पाय घे रे खाली, सीट तुझ्या बापाची हाय व्हय?" गाडी त्या आवाजानंच सुटली. शिट्टी नंतर झाली.

ह्या उन्हाळ्यात आत्या गेल्या. झोपेत गेल्या. आम्ही लासूरला गेलो, तेव्हा चिमी शाळेत जायला लागलेली. दिवसकार्य झाल्यावर त्यांचा मुलगा अंबादासदादा मला मळा दाखवायला घेऊन गेला. दारातून आडवं वळून शिरावं लागेल असा आडदांड माणूस, पण आवाज अगदी बारीक, घरातला सगळा आवाज आईनंच वापरून टाकल्यासारखा. कांद्याच्या चाळीपलीकडे विहीर होती. जुनी, दगडी, काठाला माणसाच्या छातीइतकी भिंत बांधून घेतलेली. चिमी धावत तिच्याकडे निघाली आणि इतक्या वर्षांनी माझी बोटं पुन्हा गार पडली. मी तिला हाक मारून हाताशी धरलं.

मग दादाला विचारलं. म्हटलं, आत्यांनी मला एकदा एका बाळंतिणीची गोष्ट सांगितली होती. ह्याच वस्तीवरची, ह्याच विहिरीवरची, बहुतेक त्यांच्या तरुणपणची. तिला धनगराच्या बाईनं पोरगं बांधून दिलं होतं. ती बाळंतीण अजून आहे का? असली तर मला तिला भेटायचंय, तिच्या पाया पडायचंय.

दादानं भिंतीवर हात ठेवला.

"नाय बा," तो म्हणाला. "मी झालो तव्हा ह्या वस्तीवर आईबिगर दुसरी बाईच नव्हती."